अकरा सेंटिमीटर, ५,८४१ टन आणि एक खाडा

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की १२ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. आडतीपुढे पोतं सोडतात, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात जातात आणि पडद्यावर काय उमटतं याकडे शेतकऱ्याचे डोळे लागतात. हमीभावाने खरेदी व्हायची तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. माल दोन टक्के जास्त ओला निघाला, तर ट्रॅक्टर तसाच परत न्यायचा की व्यापारी देईल त्या भावात टाकून मोकळं व्हायचं, हे तिथेच उभ्या उभ्या ठरवावं लागतं.

याच मालाला आता दुसरा एक आकडा चिकटू पाहतो आहे. तो दिल्लीहून येत नाही, मुंबईहूनही नाही. तो येतो ब्रुसेल्सहून. सोयाबीन ज्या रानात पिकलं त्या रानाचे अक्षांश आणि रेखांश, दशांश चिन्हापुढे किमान सहा घरांपर्यंत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर, जेमतेम अर्धी वीत. माजलगाव तालुक्यातलं एखादं वावर पृथ्वीवर नेमकं कुठे आहे, हे अर्ध्या वितीच्या हिशेबाने सांगा, असं सात हजार किलोमीटरवरचा एक कायदा म्हणतो आहे.

हा कायदा म्हणजे युरोपीय संघाचा २०२३ चा १११५ क्रमांकाचा विनियम. जंगल तोडून पिकवलेला माल युरोपच्या बाजारात येऊ नये, हा त्याचा हेतू. गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, लाकूड आणि सोया अशा सात गोष्टी त्यात आहेत. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ करून काढलेल्या रानातला माल चालणार नाही. सोयाबीनचा दाणा, पीठ, तेल आणि पेंड, चारही त्याच्या यादीत आहेत. भारतातलं सोयाबीन जनुक बदललेलं नाही, म्हणून जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स या देशांत आपल्या पेंडीला मागणी असते. मोंढ्यातला माल लातूरसारख्या ठिकाणच्या तेल गिरण्यांत जातो, तेल इथे राहतं आणि पेंडीतली काही जहाजात चढते. तिच्याच वाटेने हा कायदा उलटा चालत येतो, थेट बांधापर्यंत.

हा कायदा आपल्या सरकारने केला नाही, आपण त्याला मत दिलं नाही, तरी तो आपल्या वावराचा पत्ता विचारतो. इतकी ताकद त्याला कुठून येते, आणि ही ताकद ज्यांना सगळ्यात जास्त हवी त्यांच्यापर्यंत ती पोचते का? बीड जिल्ह्यापुरतं या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. ते शेवटी येईल. आधी या कायद्यांचं यंत्र समजून घेऊ.

२८८ आणि ५

युरोपीय संघ म्हणजे २७ देश आणि सुमारे ४५ कोटी माणसं. संसदेत ७२० सदस्य. शिवाय सरकारांची परिषद आहे. तिथे बहुतेक कायदे मंजूर व्हायला दोन अटी लागतात: २७ पैकी १५ देश, म्हणजे ५५ टक्के, बाजूने हवेत आणि त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. म्हणजे एखाद्या देशाचा विरोध असूनही तो कायदा त्या देशावर लागू होतो. इथेच हे सरकार इतर आंतरराष्ट्रीय संस्थांपासून वेगळं होतं. संयुक्त राष्ट्रांत ठराव होतात; इथे कायदे होतात, आणि ते देशांच्या डोक्यावर बसतात.

या कायद्यांचे प्रकार पाच. संघाच्या कामकाजाच्या कराराचं २८८ वं कलम ते सांगतं: विनियम, निर्देश, निर्णय, शिफारस आणि अभिप्राय. इंग्रजीतली रेग्युलेशन, डायरेक्टिव्ह ही नावं ऐकून ते सारखेच वाटतात. तसं नाही. पंगतीच्या भाषेत सांगतो. विनियम म्हणजे वाढलेलं ताट: ठरल्या दिवशी २७ ही घरांत तेच ताट, तीच भाजी, मीठसुद्धा तेवढंच. निर्देश म्हणजे शिधा: घरात चूल तुमची, फोडणी तुमची, पण अमुक तारखेला पंगत बसलीच पाहिजे आणि पोटभर जेवण झालंच पाहिजे. निर्णय म्हणजे नाव घालून पाठवलेली चिठ्ठी, ज्याच्या नावाची त्यालाच बांधील. शिफारस आणि अभिप्राय म्हणजे वडीलधाऱ्याचा शब्द: मोडला तर दंड नाही, पण मोडताना चारदा विचार होतो.

या सगळ्यामागे न्यायालय उभं आहे, आणि त्याची गोष्ट एका वीजबिलापासून सुरू होते. इटलीत वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मिलानच्या फ्लामिनियो कोस्टा नावाच्या वकिलाने १,९२५ लिरांचं बिल भरायला नकार दिला. हे राष्ट्रीयीकरण युरोपच्या कराराविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं. १५ जुलै १९६४ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की देशाचा कायदा आणि युरोपचा कायदा यांचा झगडा झाला तर युरोपचा कायदा वर. देश मोठा असो की लहान. न ऐकणाऱ्या देशाला दंड करायची सोयही आहे. १३ जून २०२४ रोजी आश्रयार्थींच्या प्रकरणात हंगेरीला २० कोटी युरोंचा दंड झाला, आणि वर रोजचे १० लाख युरो वेगळे, सुधारणा होईपर्यंत.

याच्या शेजारी माजलगावच्या ऊस उत्पादकाला ओळखीची गोष्ट ठेवून बघा. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. आपली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, हाच त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद आहे. निकाल हवेत लोंबकळला, आणि एफआरपी वाढत २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपयांवर आली. ऊसवाल्यांसाठी हे बरंच झालं असं मी मानतो. पण फरक दिसावा म्हणून सांगितलं: तिकडे रोजचे १० लाख युरो, इकडे रिकामी खुर्ची.

ताट, शिधा, चिठ्ठी

चिठ्ठीचा चटका महाराष्ट्राने खाल्ला आहे. २०१३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. २४ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, निर्णय काढला आणि १ मे पासून आंबा, वांगं, अळू, कारलं आणि पडवळ यांना दार बंद. मे महिना! हापूसच्या पेट्या भरायच्या ऐन वेळी. ब्रिटन तेव्हा संघातच होतं आणि वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख भारतीय आंबे घेत होतं. लंडनच्या मराठी घरांत त्या उन्हाळ्यात ताज्या हापूसचा आमरस दुर्मिळ झाला. हा निर्णय डिसेंबर २०१५ अखेरपर्यंतचा होता. पण इथे तपासणी आणि प्रक्रिया केंद्रं सुधारली, युरोपची तपासणी पथकं येऊन पाहून गेली, आणि फेब्रुवारी २०१५ मध्येच आंब्यापुरतं दार उघडलं. भाज्या मागेच राहिल्या. चिठ्ठी झटकन येते आणि, दोष दूर झाला तर, झटकन परतही घेता येते. नाव, तारीख, मुदत सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं.

शिधा आणि ताट यांतला फरक टॉवेलच्या रंगात दिसतो. मराठवाड्याचा कापूस जिनिंगमधून गाठी होऊन सूतगिरण्यांत जातो, सोलापूर-इचलकरंजीच्या मागांवर चढतो. काही अॅझो रंग कातडीवर सुटून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार करतात. त्यांच्यासाठी युरोपने २००२ मध्ये ६१ क्रमांकाचा निर्देश काढला: कापडात अशा द्रव्याचं प्रमाण दहा लाखांत ३० भागांपेक्षा जास्त नको. संघात तेव्हा १५ देश होते, म्हणजे १५ घरांनी आपापल्या चुलीवर तो शिजवायचा. निर्यातदाराला प्रत्येक देशाचा कायदा वेगळा वाचावा लागे. जून २००९ पासून हीच ३० ची मर्यादा रसायनांच्या मोठ्या विनियमात, २००६ च्या १९०७ क्रमांकात, जाऊन बसली. एक मजकूर, सगळ्या देशांत तोच. आपल्या सरकारने त्याआधीच, १९९३ आणि १९९७ मध्ये मिळून, असे ११२ रंग बंद केले होते. सोलापूरच्या रंगाऱ्याला निर्देश आणि विनियम हे शब्द माहीत असायची गरज नाही. पण एका खेपेला किती देशांची प्रमाणपत्रं जोडावी लागतात हे त्याच्या मालकाला नक्की आठवत असेल.

शिफारशीबद्दल थोडक्यात. मे २००३ मध्ये आयोगाने लघु-मध्यम उद्योगांची व्याख्या शिफारस म्हणून दिली: २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि उलाढाल ५ कोटी युरोंच्या आत, किंवा ताळेबंद ४ कोटी ३० लाखांच्या आत. बंधन कुणावरच नाही. तरी वीस वर्षांहून जास्त काळ तिकडच्या कर्ज-अनुदानांच्या योजना हीच मापं वापरतात.

आता परत सोयाबीनकडे. जंगलतोडीचा कायदा विनियम आहे, म्हणजे ताट. तो ३० डिसेंबर २०२४ पासून लागू व्हायचा होता. आधी एक वर्षाने पुढे गेला, मग आणखी एका वर्षाने. आता मोठ्या-मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६ आणि लहानांना ३० जून २०२७ अशा तारखा आहेत. ताटसुद्धा थंड होऊ शकतं, एवढं यातून दिसतं. पण ताटातले मुख्य पदार्थ तेच आहेत. नियम मोडला तर युरोपातल्या आयातदार कंपनीला होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा संघातल्या तिच्या वार्षिक उलाढालीच्या किमान ४ टक्के ठेवायची आहे. एवढी टांगती तलवार डोक्यावर असली की खरेदीदार विचारणारच: माल कुठल्या रानातला?

रान ४ हेक्टरच्या वर असेल तर चारी बाजूंची हद्द नकाशावर आखून द्यायची. आत असेल तर एकच बिंदू पुरतो. ४ हेक्टर म्हणजे जवळजवळ १० एकर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीखालचं क्षेत्र होतं १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. तेव्हा माजलगावच्या बहुतेक शेतकऱ्यांना बिंदूच द्यायचा आहे. हे सोपं वाटतं. हिशेब करून बघा. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर २५ टनांचा एक ट्रक भरायला ५० एकरांचं सोयाबीन लागतं, म्हणजे साधारण १५ शेतकरी. प्रत्येकाचं रान दोन-तीन तुकड्यांत. आडतीवर ढिगात ढीग मिसळतो, गिरणीत शेकडो ट्रक एका कोठारात पडतात. ब्राझीलमधल्या हजार हेक्टरच्या मळ्याला एक नकाशा पुरतो. आपल्याला एका जहाजासाठी हजारो बिंदू गोळा करावे लागतील. नियम सगळ्यांना सारखा, पण ओझं लहानांवर जास्त.

दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. मे २०२५ मध्ये आयोगाने देशांची धोक्यानुसार वर्गवारी जाहीर केली, त्यात भारत कमी धोक्याच्या गटात आहे. कमी धोका म्हणजे वर्षाला १ टक्का आयातदारांची तपासणी. मध्यम असता तर ३ टक्के, जास्त असता तर ९ टक्के. कागदपत्रंही कमी, पण रानाचा पत्ता मात्र द्यावाच लागेल. दुसरी गोष्ट आपल्याच खिशात आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, त्या फोटोला अक्षांश-रेखांश आपोआप लागतात आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. युरोप जे मागतो ते महसूल खात्याच्या संगणकात बऱ्याच अंशी पडलेलं आहे. पीकविमा आणि अनुदानापलीकडे त्याचा उपयोग झाला, शेतकऱ्याच्या संमतीने तो बिंदू त्याच्या पोत्याबरोबर मोंढ्यापर्यंत आला, तर ज्यांनी ही तयारी आधी केली त्या शेतकरी कंपन्यांना दोन पैसे जास्त मिळायला हवेत. सरकारने यात वेळ घालवू नये. खरीप थांबत नाही.

जिथे दोरी तोकडी पडते

माजलगावची ओळख मात्र सोयाबीनपेक्षा उसाची. सिंदफणेवरच्या धरणाचा साठा ४५४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ३१२ उपयुक्त. जायकवाडीचं पाणी पैठणच्या उजव्या कालव्याने १३२ किलोमीटरचा प्रवास करून याच्यात येतं. या पाण्यावर दुष्काळी बीडमध्ये ऊस उभा राहिला, तेलगाव आणि पवारवाडीला कारखाने चालले. आणि याच जिल्ह्यातून, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टीच्या वाड्या-तांड्यांतून, दसरा-दिवाळी झाली की माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरं, एखादी शेळी, वर पालाचं ताडपत्र.

त्यांचं माप म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि ती तोडणीतून फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचे सुमारे ३६६ झाले. ती वाढ लढून मिळाली, तिचं मोल कमी नाही. पण हिशेब बघा. समजा उचल एक लाख. ३६६ रुपयांनी ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस. हंगाम १२० दिवस चालला तर कमाई ८७,८४० रुपये, म्हणजे १२,१६० रुपये अंगावर. ९० दिवसांतच आटोपला तर ३४,१२० रुपये अंगावर. यात किराणा धरला नाही, दवाखाना धरला नाही. राज्याचं साखर उत्पादन २०२३-२४ मधल्या सुमारे ११० लाख टनांवरून २०२४-२५ मध्ये ८१ लाख टनांच्या आसपास आलं. ऊस कमी पडतो, पट्टा लवकर पडतो, म्हणजे हंगाम लवकर संपतो, पण उचल तेवढीच राहते. उरलेली बाकी पुढच्या दसऱ्याला परत ट्रॉलीत बसवते.

आणि एक शब्द आहे, खाडा. कामावर न आलेल्या दिवसाचा. नुसती मजुरी बुडत नाही, वर दंडही लागतो. ५०० रुपये हा आकडा अनेक टोळ्यांत ऐकू येतो. पाळीच्या दिवसांत पोटात कळ आली तरी बाई पहाटे फडात उतरते, कारण एका खाड्याचा दंडच म्हणजे जोडीचा जवळजवळ दीड टनाचा घाम. या हिशेबातून काय उभं राहिलं ते २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलं. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. जवळजवळ १७ टक्के, सहांतली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांत हे प्रमाण देशभर ३ टक्क्यांच्या आसपास दिसतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे मान्य. तरी ३ आणि १७ यांतलं अंतर वयोगटाने भरून निघणारं नाही.

आता युरोपच्या कपाटात बघू. या बाईच्या उपयोगी पडतील अशी दोन हत्यारं तिथे आहेत, आणि दोन्ही २०२४ सालची. एक निर्देश, एक विनियम.

निर्देशाचा क्रमांक १७६०. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीत माणसांवर अन्याय होतो का हे शोधायचं, थांबवायचं. संसदेत २४ एप्रिल २०२४ रोजी तो ३७४ विरुद्ध २३५ मतांनी, १९ तटस्थ, असा पार पडला. १,००० कर्मचारी आणि ४५ कोटी युरोंच्या उलाढालीवरच्या कंपन्यांना तो लागणार होता. शिधा असल्यामुळे २७ देशांनी आधी आपापले कायदे करायचे होते, आणि चूल पेटायच्या आतच शिधा परत मागवायला सुरुवात झाली. एप्रिल २०२५ मध्ये मुदत वर्षभर लांबवली. डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या तडजोडीत उंबरठा ५,००० कर्मचारी आणि १५० कोटी युरोंवर गेला, लागू होण्याची तारीख जुलै २०२९ वर गेली, आणि पीडिताला युरोपभर एकसारखी भरपाई मागता यावी ही तरतूदही गळाली.

विनियमाचा क्रमांक ३०१५. वेठीच्या श्रमातून बनलेली कोणतीही वस्तू युरोपात विकायची नाही आणि युरोपातून बाहेर पाठवायची नाही. २३ एप्रिल २०२४ ला बाजूने ५५५, विरोधात अवघी ६, तटस्थ ४५. कंपनीच्या आकाराचा उंबरठा नाही. १४ डिसेंबर २०२७ पासून तो लागू होईल. संघाबाहेरच्या प्रकरणांची चौकशी आयोग स्वतः करेल, शक्यतो ९ महिन्यांत निकाल देईल, आणि दोष ठरला तर माल बाजारातून मागे. माहिती देण्याचा हक्क कुणालाही आहे: व्यक्तीला, संघटनेला, जगात कुठूनही. वेठीची व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारातली, जो भारताने १९५४ मध्येच मान्य केला: दंडाच्या भीतीने आणि मनाविरुद्ध करून घेतलेलं काम. दंडाची भीती! खाड्याला याहून जवळचा शब्द कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. उचल घेणारी प्रत्येक जोडी वेठबिगार ठरते असं नाही. पण कर्जात अडकवणं, मजुरी दाबून धरणं, बेसुमार कामाचे तास ही त्या संघटनेच्या ११ खुणांपैकी आहेत, आणि फडात उभं राहून त्या मोजता येतात.

मग अडलं कुठे? अडलं ५,८४१ वर. भारताची साखर बिनशुल्क घ्यायला युरोपने ठेवलेला कोटा वर्षाला १०,००० टनांचा होता. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्याची वाटणी झाली आणि संघाच्या वाट्याचा उरला ५,८४१ टन. साऱ्या भारताला मिळून. एकट्या महाराष्ट्राच्या ८१ लाख टनांशी तोलला तर दर लाख पोत्यांमागे ७२ पोती. त्यापलीकडे पांढऱ्या साखरेवर टनाला ४१९ युरो शुल्क आहे. युरो १०० रुपयांचा धरला तर किलोला जवळपास ४२ रुपये नुसता कर. आपल्याकडे साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून किलोला ३१ रुपये आहे. ज्या बाजारात आपली साखर जातच नाही, त्या बाजारातून ती मागे घेण्याची धमकी देऊन काय होणार? मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बीडच्या ऊसतोड बायकांवर मोठा वृत्तान्त छापला, जगभर चर्चा झाली. पण इथे पिकलेली साखर इथल्याच थंड पेयात आणि इथल्याच बिस्किटात विरघळत असेल, तर ३०१५ क्रमांकाचा विनियम तिच्यापर्यंत पोचत नाही.

सोयाबीनच्या वावराचा पत्ता ११ सेंटिमीटरपर्यंत विचारणारं सरकार फडातल्या बाईपर्यंत येऊ शकत नाही. दोष त्याच्या कायद्याचा नाही. ते त्याचं कामच नव्हे, आपलं आहे.

म्हणून युरोपकडून उसनं घ्यायचं तर कागद तपासायची सवय घेऊ. हाती आलेला कागद ताट आहे, शिधा आहे की नुसता शब्द? तो कुणाला बांधतो, कोणत्या तारखेपासून, आणि मोडला तर कोण कोर्टात जाऊ शकतं? आपल्याकडेही पायऱ्या आहेत: विधिमंडळाचा कायदा, त्याखालचे नियम, शासन निर्णय, परिपत्रक. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे, तितकीच भर सरकारने घालायची. राज्यात हंगामाला साडेआठ कोटी टन गाळप धरलं तर कारखान्यांचेच ८५ कोटी होतात. मुलांच्या वसतिगृहांची योजना आहे: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं. हे सगळं चांगलं आहे, आणि हे सगळं शासन निर्णयावर उभं आहे. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. खाड्याचा दंड कापला म्हणून कुठल्या कलमाखाली दाद मागायची, हे तो बाईला सांगत नाही.

कलमं लिहायला नमुनाही शोधावा लागणार नाही. माथाडी कायद्यात सरकार, मालक आणि कामगार यांचं मंडळ असतं, कामगाराची नोंद होते, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे जमा होते आणि मंडळ ती कामगाराच्या हाती देतं. मधला माणूस राहत नाही. माजलगावच्या आमदारांपासून मुंबईच्या विधान भवनापर्यंत ज्यांच्या हाती हे आहे त्यांनी ऊसतोडीसाठी असंच विधेयक आणावं, आणि उचल, खाडा, कोयता हे शब्द त्याच्या व्याख्येच्या कलमात लिहावेत. जोडी नव्हे, दोन माणसं मोजावीत.

मोंढ्यात पाठीवर सोयाबीनचं पोतं उचलणाऱ्या हमालाच्या कामासाठी महाराष्ट्राने कायदा केला तो १९६९ मध्ये. ऊस तोडणाऱ्या बाईसाठी तसा कायदा अजून झालेला नाही.